घरच्या घरी लॉजिक प्रोब : तांबडा, हिरवा आणि मधला अंधार

काही वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यातून माझ्याकडे मोजणीचे एक कार्ड दुरुस्तीला आले होते. यंत्रातून बाहेर पडणारे नग मोजायचे एवढेच त्याचे काम होते, पण आकडा पुढे सरकत नव्हता. मल्टिमीटर लावला तेव्हा क्लॉकच्या (सगळ्या कामाला ताल देणाऱ्या ठोक्यांच्या) पिनवर १.८ व्होल्ट दिसले आणि शेजारच्या आयसीच्या एका पिनवर १.५ व्होल्ट. पाच व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल (डिजिटल आयसींची एक जुनी जात) आयसीला ०.८ व्होल्टपर्यंतची पातळी शून्य वाटते आणि २ व्होल्टपासून वरची एक. मधल्या पट्ट्यातला कोणताही आकडा तिथे असू नये. त्यामुळे मला दोन्ही पिना सारख्याच संशयास्पद वाटल्या आणि क्लॉकचा भाग उसवून तपासण्यात दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्यक्षात क्लॉक ठणठणीत होता. ०.२ आणि ३.५ व्होल्टच्या दरम्यान वेगाने वरखाली होणाऱ्या सिग्नलची सरासरी मीटर मला दाखवत होता. खरा दोष दुसऱ्या पिनवर होता : तिचे सोल्डर तडकले होते, ती कशालाच जोडलेली नव्हती, आणि टीटीएल आयसीची अशी सुटलेली इनपुट पिन आपोआप दीड व्होल्टच्या आसपास जाऊन थांबते.

एक पिन पूर्ण निरोगी आणि दुसरी पूर्ण तुटलेली, आणि मीटरवर दोघींत फरक फक्त ०.३ व्होल्टचा! हा फरक क्षणात उलगडून दाखवणारे साधन म्हणजे लॉजिक प्रोब. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत काम करताना गॅरी गॉर्डन यांनी १९६८ मध्ये ते तयार केले. आज ते घरी बनवायला दोन साध्या आयसी, तीन एलईडी आणि मूठभर सुटे भाग पुरतात, आणि सोल्डरिंग आयर्न व मीटर हाताशी असतील तर बाकीचा खर्च थोडाच येतो. खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून मराठी माध्यमात शिकून डिप्लोमा, आयटीआय किंवा इंजिनीअरिंगला आलेल्या आणि ७४ मालिकेच्या आयसी पहिल्यांदाच हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढची कृती लिहिली आहे.

प्रोब नेमके काय सांगतो

आपला प्रोब चार गोष्टी सांगेल. टोक टेकवलेली जागा २ व्होल्टच्या वर असेल तर तांबडा दिवा लागेल. ती ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर हिरवा लागेल. सिग्नल सतत बदलत असेल तर तांबडा आणि हिरवा दोन्ही मंद लागलेले दिसतील आणि सोबत पिवळा दिवाही लागेल. आणि ती जागा कशालाच जोडलेली नसेल, किंवा मधल्या निषिद्ध पट्ट्यात अडकली असेल, तर तांबडा आणि हिरवा दोन्ही विझलेले राहतील.

या चौथ्या स्थितीसाठीच मी हा आराखडा निवडला आहे. एक ट्रान्झिस्टर आणि दोन एलईडी वापरून याहून सोपा प्रोब करता येतो आणि अनेक जण तसाच करतात. परंतु त्यातले बरेचसे प्रोब सुटलेल्या पिनवरही कोणता ना कोणता दिवा लावतात, आणि नवशिक्या त्या दिव्यावर विश्वास ठेवून भलत्याच आयसीच्या मागे लागतो. दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांमध्ये आयसी जळण्यापेक्षा जोड सुटण्याचेच प्रकार मला जास्त भेटले आहेत. म्हणून मधला अंधार ओळखू न शकणारा प्रोब बनवण्यात श्रम घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

साहित्य

निपाणीच्या बाजूच्या वाचकांना कोल्हापूर जवळचे, खानापूरच्या बाजूच्यांना बेळगाव. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात पुढील वस्तू मिळतात. दुकानात मराठी, कन्नड किंवा हिंदी काहीही बोलले तरी चालते, मात्र किमती ‘थर्टी थ्री के’, ‘फोर पॉइंट सेव्हन के’ अशाच सांगितल्या जातात, त्यामुळे यादी तशीच लिहून न्यावी.

आयसी दोन : एलएम ३९३ आणि एनई ५५५, दोन्हींसाठी आयसी खोचायचे आठ पिनांचे बेस. एलईडी तीन : तांबडा, हिरवा, पिवळा, शक्यतो जास्त उजेडाचे, कारण आपण त्यांना थोडाच करंट देणार आहोत. डायोड : १एन५८१९ एक, १एन४१४८ तीन. पाव वॅटचे रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम) : ३३ के, १५ के, ४७० के, १८० के, १०० के, ४.७ के आणि ३३० ओहम प्रत्येकी एक, ६८० ओहमचे दोन, १० केचे तीन. कपॅसिटर : ४७० पिकोफॅरड (त्यावर ४७१ छापलेले असते), १० नॅनोफॅरड (१०३), १०० नॅनोफॅरडचे दोन (१०४), १ मायक्रोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड. शिवाय ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची पाटी), झिरो पीसीबीचा (भाग सोल्डर करायच्या, भोकांच्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा, तांबडी आणि काळी अशी हातभर लवचिक वायर, दोन क्रोकोडाईल क्लिप, चाचणीपुरता १० केचा एक पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि थोडी श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घ्यावी.

रेझिस्टरचे रंग संध्याकाळी पिवळसर दिव्याखाली हमखास फसवतात. १५ के म्हणजे तपकिरी, हिरवा, नारिंगी. त्यातला नारिंगी पट्टा तांबडा समजला तर तो रेझिस्टर १.५ केचा वाटतो. म्हणून प्रत्येक रेझिस्टर लावण्यापूर्वी मीटरवर मोजावा. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि पुढचे पुष्कळ तास वाचतात.

आराखड्यामागचा विचार

एलएम ३९३ मध्ये दोन कंपॅरेटर असतात. कंपॅरेटर म्हणजे दोन व्होल्टेजमध्ये मोठे कोणते ते सांगणारा तराजू. त्याला दोन इनपुट असतात, एक अधिक चिन्हाचे आणि एक वजा चिन्हाचे. वजा इनपुटवरचे व्होल्टेज अधिक इनपुटपेक्षा जास्त झाले की त्याची आउटपुट पिन ग्राउंडकडे खेचली जाते. एरवी ती मोकळी सुटते. प्लसकडून रेझिस्टर आणि एलईडीमार्फत येणारी वाट या आउटपुटला जोडली, तर आउटपुट खाली खेचले जाताच दिवा लागतो.

आता एका तराजूत २ व्होल्टचे माप टाकायचे आणि दुसऱ्यात ०.८ व्होल्टचे. ही मापे ३३ के, १५ के आणि १० के हे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडून मिळतात. प्रोबला उलटी वायर लागली तरी तो जळू नये म्हणून प्लसच्या वाटेत आपण १एन५८१९ डायोड घालणार आहोत. त्यावर सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतात आणि आत ४.८ व्होल्टच्या आसपास उरतात. ४.८ ला ५८ ने भागून २५ ने गुणले तर २.०७ येतात आणि १० ने गुणले तर ०.८३. आपल्याला हवी असलेली मापे हीच. येथे १एन४००७ वापरू नये. त्यावर पाऊण व्होल्टपर्यंत पडते, मापे खाली सरकतात आणि एनई ५५५ ला लागणारे किमान ४.५ व्होल्टही मिळेनासे होतात.

प्रोबचे टोक कशालाही टेकलेले नसताना दोन्ही दिवे विझलेले राहावेत, यासाठी टोकाला दोन मापांच्या मध्ये अलगद टांगून ठेवावे लागते. ४७० के प्लसकडे आणि १८० के मायनसकडे जोडल्यावर टोक आपोआप १.३ व्होल्टवर राहते. हे रेझिस्टर इतके मोठे आहेत, की चालत्या सर्किटमधला कोणताही जिवंत सिग्नल टोकाला सहज आपल्याकडे ओढून नेतो, आणि त्या सर्किटवर प्रोबचा भारही पडत नाही.

पहिली पायरी : ब्रेडबोर्डवर मापे बसवणे

सोल्डरिंगची घाई करू नये. संपूर्ण जोडणी आधी ब्रेडबोर्डवर चालवून पाहावी. जोडणी समजायला सोपी जावी म्हणून काही ठिकाणांना नावे देऊ. डायोडच्या पलीकडची प्लसची ओळ ही ‘प्लस पट्टी’, काळ्या वायरची ओळ ही ‘मायनस पट्टी’.

तांबड्या वायरला १एन५८१९ चे पट्टा नसलेले टोक आणि प्लस पट्टीला त्याचे पट्ट्याचे टोक जोडावे. दोन्ही पट्ट्यांमध्ये १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड लावावेत; मोठ्या कपॅसिटरचे प्लस-मायनस तपासून घ्यावे. मग प्लस पट्टीपासून ३३ के, त्यापुढे १५ के, त्यापुढे १० के आणि शेवटी मायनस पट्टी अशी साखळी करावी. ३३ के आणि १५ के जिथे भेटतात तो ‘वरचा सांधा’, १५ के आणि १० के जिथे भेटतात तो ‘खालचा सांधा’.

आता प्रवेशाचा भाग. प्रोबच्या टोकाकडून येणारी वायर १० केच्या रेझिस्टरमधून आत घ्यावी. त्याच्या दुसऱ्या बाजूला ‘प्रवेश सांधा’ म्हणू. प्रवेश सांध्यापासून ४७० के प्लस पट्टीला, १८० के मायनस पट्टीला. तिथेच दोन १एन४१४८ रक्षक म्हणून बसतात : एकाचे पट्ट्याचे टोक प्लस पट्टीला आणि दुसरे टोक प्रवेश सांध्याला, दुसऱ्याचे पट्ट्याचे टोक प्रवेश सांध्याला आणि दुसरे टोक मायनस पट्टीला. टोक चुकून जास्त व्होल्टेजला टेकले तर १० के करंट अडवतो आणि डायोड उरलेला धक्का पट्ट्यांकडे वळवतात.

आयसी न बसवताच ५ व्होल्ट द्यावेत. जुन्या मोबाइल चार्जरची केबल कापून घेतलेली सोय चालेल, मात्र वायरींचे प्लस-मायनस मीटरने पक्के करावे. मीटरची काळी वायर मायनस पट्टीला ठेवून मोजावे : वरचा सांधा २ व्होल्टच्या किंचित वर, खालचा सांधा ०.८ च्या किंचित वर, प्रवेश सांधा सुमारे १.३. एखादा आकडा फार वेगळा असेल तर त्याच सांध्यावरचा रेझिस्टर चुकला आहे असे समजावे. हे तिन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण उरलेला सगळा प्रोब यांच्यावरच उभा आहे.

दुसरी पायरी : तांबडा आणि हिरवा

पुरवठा बंद करून एलएम ३९३ बसवावी. खाच डावीकडे ठेवली की खालच्या डाव्या कोपऱ्यातली पिन १. तिथून उजवीकडे ४ पर्यंत जावे आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ५ ते ८. पिन ८ प्लस पट्टीला, पिन ४ मायनस पट्टीला.

पिन २ प्रवेश सांध्याला आणि पिन ३ वरच्या सांध्याला जोडावी. म्हणजे टोक २ व्होल्टच्या वर गेले की पिन १ खाली खेचली जाते. प्लस पट्टीपासून ६८० ओहम, मग तांबडा एलईडी, मग पिन १ असा मार्ग करावा. एलईडीचा लांब पाय रेझिस्टरकडे. पिन १ पासून प्लस पट्टीला ४.७ केचा एक रेझिस्टरही जोडून ठेवावा, त्याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

दुसऱ्या तराजूत पारडी उलटतात. पिन ५ प्रवेश सांध्याला आणि पिन ६ खालच्या सांध्याला, टोक ०.८ च्या खाली आले की पिन ७ खेचली जाते. प्लस पट्टी, ६८० ओहम, हिरवा एलईडी, पिन ७. नवशिक्यांचा गोंधळ सर्वात जास्त येथे होतो. पिन २ आणि पिन ५ या दोघींना एकच प्रवेश सांधा मिळतो, हे एवढे ध्यानात ठेवले तर चूक होत नाही.

पुरवठा सुरू करावा. टोक हवेत असताना दोन्ही दिवे विझलेले हवेत. टोक प्लसला लावल्यावर तांबडा, मायनसला लावल्यावर हिरवा. आता पोटेन्शिओमीटरची बाहेरची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडून प्रोबचे टोक मधल्या पायाला लावावे, मीटरही तिथेच लावावा, आणि दांडा अगदी हळू फिरवत जावे. शून्यापासून निघाल्यावर हिरवा लागलेला असतो, ०.८ ओलांडताच तो विझतो. पुढे बराच वेळ दांडा फिरत राहतो आणि काहीच लागत नाही. मग २ व्होल्टच्या जरा पुढे तांबडा उजळतो. हा प्रयोग दोन-चार वेळा करावा. पुस्तकात कोरड्या आकड्यांनी दिलेला तो निषिद्ध पट्टा किती रुंद आहे, हे माझ्या ओळखीच्या अनेक विद्यार्थ्यांना पहिल्यांदा येथे, बोटांनी दांडा फिरवताना कळले.

तिसरी पायरी : पिवळा दिवा

सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता सिग्नल वर जाऊन खाली आला तर तांबडा दिवा तेवढाच वेळ लागतो आणि डोळ्याला काहीही दिसत नाही. तो क्षण लांबवून दाखवायचे काम ५५५ कडे द्यायचे. हान्स कामेन्झिंड यांनी आखलेली ही आयसी १९७२ मध्ये बाजारात आली आणि अजूनही कोणत्याही दुकानात मिळते.

पिन ८ आणि पिन ४ प्लस पट्टीला, पिन १ मायनस पट्टीला. पिन ५ पासून १० नॅनोफॅरड मायनस पट्टीला. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडून तिथून १०० के प्लस पट्टीला आणि १ मायक्रोफॅरड मायनस पट्टीला. १०० के आणि १ मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराच्या १.१ पट, म्हणजे ०.११ सेकंद, एवढा वेळ दिवा लागून राहील. पिन ३ पासून ३३० ओहम, पिवळा एलईडी, मायनस पट्टी. दुसरा १०० नॅनोफॅरड या आयसीच्या पिन ८ आणि पिन १ च्या अगदी जवळ लावावा, कारण ५५५ स्थिती बदलताना पुरवठ्याला झटका देते आणि तो झटका तराजूंपर्यंत पोहोचला तर ते डळमळतात.

पिन २ ही तिची सुरुवातीची कळ आहे. ती प्लसच्या एकतृतीयांशाखाली गेली की वेळ मोजणे सुरू होते. तिला १० केने प्लस पट्टीला बांधून ठेवावे, त्या १० केला समांतर तिसरा १एन४१४८ लावावा (पट्ट्याचे टोक प्लसकडे), आणि एलएम ३९३ च्या पिन १ पासून ४७० पिकोफॅरडमार्फत पिन २ पर्यंत यावे. टोक वर गेले की पिन १ झटकन खाली येते, कपॅसिटर तो झटका पिन २ ला देतो आणि पिवळा दिवा लागतो. तांबडा पुढे लागलेलाच राहिला तरी पिवळा आपल्या वेळेला विझतो, कारण कपॅसिटरमधून फक्त बदल पलीकडे जातो, स्थिर पातळी जात नाही.

येथे एक शंका रास्त आहे. आपण फक्त वर जाण्याच्या क्षणी पिवळा लावतो. मग सिग्नल एरवी वर असून क्षणभर खाली येत असेल तर तो निसटणार नाही का? निसटत नाही, कारण खाली गेलेला सिग्नल परत येताना वर जातोच, आणि दिवा त्या वेळी लागतो.

सर्किटमध्ये सेकंदाला दोन ठोके असतील तर पिवळा सेकंदाला दोनदा लुकलुकतो; हजारो असतील तर तो सलग लागल्यासारखा दिसतो. तांबडा आणि हिरवा यांच्या उजेडाची तुलनाही उपयोगी आहे. दोन्ही जवळपास सारखे लागले तर सिग्नल निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली आहे. हिरवा झगझगीत आणि तांबडा जेमतेम असेल तर सिग्नल बहुतेक वेळ खाली राहून अधूनमधून वर येतो.

चौथी पायरी : नळी, सुई आणि सोल्डर

घराच्या वायरिंगमधून उरलेला २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, साधारण १३ सेंटिमीटर लांब, हे याचे उत्तम घर आहे. त्याच्या आत सहज सरकेल इतक्या रुंदीची झिरो पीसीबीची पट्टी कापावी, कडा काच कागदाने घासाव्यात, आणि दोन्ही बेस एकापुढे एक बसवून ब्रेडबोर्डवरची जोडणी तशीच्या तशी उतरवावी. तांबडा आणि हिरवा टोकाच्या बाजूला शेजारी-शेजारी ठेवावेत, म्हणजे पिनवरची नजर फार न हलवता ते दिसतात. नळीला एलईडीच्या मापाची तीन भोके आधीच पाडून घ्यावीत.

टोकासाठी गोधडी शिवायची जाड सुई घ्यावी. पोलादावर सोल्डर सहजी धरत नाही, म्हणून सुईच्या नाकाकडचा सेंटिमीटरभर भाग काच कागदाने चांगला घासावा, बारीक तांब्याची वायर सोलून दोरा ओवतात तशी नाकातून ओवावी, पाच-सहा वेढे घट्ट घ्यावेत, सोल्डर पेस्ट लावून आयर्न जरा जास्त वेळ धरावी आणि सोल्डर वेढ्यांमध्ये पाण्यासारखे पसरले की काढावी. नुसता गोळा बसला असेल तर तो ओढून पाहावा. निघून येईल, आणि मग पुन्हा करावे. सुई नळीच्या तोंडाशी एम-सीलमध्ये रोवून रात्रभर सुकू द्यावी. शेवटचे तीन मिलिमीटर उघडे ठेवून बाकी सगळ्या सुईवर श्रिंक स्लीव्ह चढवावी, कारण आयसीच्या दोन पिनांमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटरचे अंतर असते आणि उघडी सुई तिरकी झाली तर दोन पिना एकत्र येतात.

सोल्डरिंग झाल्यावर पेस्टचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढावा. आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या घाटाकडच्या पट्ट्यात, पावसाळ्याचे महिने भिंतींनाही ओल आणतात. पेस्ट ती ओल शोषून घेते आणि प्रवेश सांध्यावरच्या मोठ्या रेझिस्टरांना समांतर अशी गळतीची वाट तयार होते. उन्हाळ्यात नीट चाललेला प्रोब जुलैत हवेत धरल्यावरच हिरवा लावू लागला तर आयसी बदलण्याआधी ब्रश हातात घ्यावा.

वापरण्याची पद्धत

प्रोबला स्वतःची बॅटरी नाही. तो तपासायच्या सर्किटच्याच ५ व्होल्टवर चालतो. आधी काळी क्लिप ग्राउंडला, मग तांबडी प्लसला. प्रत्येक वेळी कामाला लागण्यापूर्वी टोक प्लसला आणि ग्राउंडला टेकवून तांबडा आणि हिरवा लागतो हे पाहून घ्यावे. ही सवय लागली नाही तर सुटलेल्या क्लिपमुळे आलेला अंधार सर्किटचा दोष वाटतो.

मग संशयित आयसीची पुरवठ्याची पिन, ग्राउंडची पिन, क्लॉक, रिसेट आणि शेवटी इनपुट-आउटपुट या क्रमाने जावे. उदाहरणादाखल ७४०० घेऊ. पिन १४ वर तांबडा, पिन ७ वर हिरवा. पिन १ आणि २ ही एका नँड गेटची इनपुट आणि पिन ३ तिचे आउटपुट. दोन्ही इनपुटवर तांबडा असेल तर पिन ३ वर हिरवा हवा, आणि एका जरी इनपुटवर हिरवा असेल तर पिन ३ वर तांबडा. पिन १ आणि २ तांबड्या असूनही पिन ३ तांबडीच राहिली, तर गेट गेली आहे किंवा पिन ३ ला जोडलेली पीसीबीची तांब्याची पट्टी कुठेतरी प्लसला चिकटली आहे. ती पिन बेसमधून अलगद बाहेर वाकवून पुन्हा पाहिले की दोन्हींपैकी कोणते ते कळते.

टोक नेहमी आयसीच्या पायावर टेकवावे, पीसीबीच्या तांब्याच्या पट्टीवर नव्हे. पट्टीवर तांबडा आणि पायावर अंधार, म्हणजे सोल्डर तडकले आहे. सुरुवातीला सांगितलेल्या मोजणीच्या कार्डावर हेच झाले होते. भिंगातून पाहिल्यावर त्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली आणि आयर्न टेकवून सोल्डर पुन्हा वितळवल्यावर कार्ड मोजू लागले.

अंधार म्हणजे प्रत्येक वेळी दोषच असेही नाही. ७४०६ सारख्या ओपन कलेक्टर (फक्त खाली खेचू शकणाऱ्या) आयसीचे आउटपुट मोकळे असताना बाहेर रेझिस्टर जोडलेला नसेल, तर तिथे अंधारच दिसणार. अनेक आयसी एकाच डेटा लाइनवर आळीपाळीने बोलतात तिथेही कोणीच बोलत नसताना अंधार दिसतो.

ईएसपी ३२ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डांवर हा प्रोब वापरायचा असेल तर त्याला बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरून पुरवठा द्यावा आणि टोक ३.३ व्होल्टच्या पिनांवर लावावे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बऱ्याच लॉजिक आयसींसाठीही ०.८ आणि २ हीच मापे धरली जातात, त्यामुळे दिवे बहुतेक वेळा बरोबर बोलतात.

मर्यादा आणि धोके

एलएम ३९३ हळू चालणारी आयसी आहे. एक-दोन मायक्रोसेकंदांपेक्षा बारीक ठोका ती सोडून देऊ शकते; मेगाहर्ट्झमध्ये धावणाऱ्या क्लॉकवर या प्रोबच्या दिव्यांवरून निष्कर्ष काढू नये. तसेच ७४एचसी या सीमॉस (डिजिटल आयसींची दुसरी जात) मालिकेची आयसी ४.५ व्होल्टवर चालताना निदान ३.१५ व्होल्ट आल्याशिवाय ‘एक’ मानण्याची हमी देत नाही, तर जुनी टीटीएल आयसी २.४ व्होल्टवरही आपले काम झाले असे समजते. या दोघींची थेट जोडी जमवली असेल तर आपला प्रोब तांबडा दाखवेल आणि सर्किट तरीही बिघडेल. अशा ठिकाणी इनपुटची मापे टीटीएलसारखी असलेली ७४एचसीटी वापरणे हा उपाय आहे. बारा व्होल्टच्या सीमॉस सर्किटवर किंवा कारखान्यातल्या चोवीस व्होल्टच्या कंट्रोल सिग्नलवरही हा प्रोब लावू नये. तो त्यांच्यासाठी बनवलेला नाही.

यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट म्हणजे घरातील विजेवर थेट चालणारी कार्डे. एलईडी बल्बमधली, काही पंख्यांच्या रेग्युलेटरमधली आणि अनेक घरगुती उपकरणांमधली कार्डे ट्रान्सफॉर्मरशिवाय, कपॅसिटर आणि रेझिस्टरच्या आधारे आपला कमी व्होल्टेजचा पुरवठा तयार करतात. तिथे ज्याला आपण ग्राउंड म्हणतो त्या तारेतच २३० व्होल्टची फेज असू शकते. प्रोबची काळी क्लिप तिथे लावणे म्हणजे ती फेज हातातल्या सुईपर्यंत आणणे होय. ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला चार्जर वापरून मुख्य विजेपासून वेगळा केलेला ५ व्होल्टचा पुरवठा असल्याची खात्री पटेपर्यंत त्या कार्डाला प्रोब लावू नये, आणि खात्री कशी करायची हे माहीत नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच ते काम करावे.

आणखी एक सूचना दुकानातच उपयोगी पडेल : एलएम ३९३ दोन घ्याव्यात. टोक नको तिथे टेकले की सर्वात आधी तीच जाते. बेस लावलेला असल्यामुळे ती बदलायला सोल्डर लागत नाही; फक्त नवी बसवताना खाच कोणत्या बाजूला होती ते जुनी काढण्यापूर्वी पीसीबीवर मार्करने लिहून ठेवावे.